आम्ही गेलो होतो तेव्हा

आमच्या जेवणघरातल्या नकाशात, सरोवराच्या उत्तर काठावर, एक भोक आहे. टाचणीच्या जाडीच्या चौपट तरी रुंद. कडा आत वळलेल्या, आणि भोवतीचा कागद बोटांच्या तेलाने पिवळसर, जवळजवळ पारदर्शक झालेला. टाचणी एका जागी वर्षानुवर्षं खोचून ठेवली तर असं भोक पडत नाही. ती पुन्हा पुन्हा काढून पुन्हा तिथंच खोचली तर पडतं. आता तिथं टाचणी टिकत नाही. सकाळी खोचली की संध्याकाळपर्यंत खाली पडते, मग वन्संच्या अनवाणी पायाला ती सापडते, आणि सापडल्याचं सगळ्या इमारतीला कळतं.

नकाशा यांनी काढलेला. हे नगररचना खात्यात आरेखक होते. लग्नाच्या पहिल्या वर्षी ऑफिसातून उरलेला जाड कागद आणून यांनी त्यावर पवित्र भूमी उतरवायला घेतली: डोंगर, नदी, सरोवर, आणि कोपऱ्यात वेगळी चौकट करून जुन्या येरुशलेमच्या एकेक गल्लीसह तटबंदी. त्यावर लाल डोक्याची एकच टाचणी. ती टाचणी म्हणजे आम्ही दोघं. रात्रीचं जेवण संपत आलं की हे उठायचे, टाचणी पुढच्या मुक्कामावर न्यायचे आणि म्हणायचे, "आज आपण इथं." लेक लहान असताना तिला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी जेवल्यावर कुठंतरी जातात.

चर्चमध्ये यांचं नावच 'गाईड' पडलं होतं. नवीन फादर आले की पहिल्या आठवड्यात त्यांना आमच्याकडे नकाशा बघायला आणत. हे फूटपट्टी घेऊन उभे राहत. इथं डावीकडे वळलं की चढ लागतो, वयस्कर मंडळींनी जरा दमाने. इथं पायऱ्या गुळगुळीत झाल्यात, हात धरा. प्रार्थना मंडळातले एकजण म्हणायचे की गाईडने स्वतः अजून समुद्र पाहिलेला नाही आणि आम्हाला समुद्रापलीकडे फिरवतोय. त्यावर सगळ्यांत मोठ्याने हेच हसायचे.

आम्ही खरोखरच जाणार होतो. एकदा सासूबाई अंथरुणाला खिळल्या. एकदा लेकीचं बाळंतपण आलं. एकदा तर बॅगा भरून दाराशी होत्या आणि तिकडचे रस्ते बंद झाले. प्रत्येक वेळी हे टाचणी काढून सुरुवातीला आणून ठेवायचे. म्हणायचे, "पुढच्या वर्षी आपण नक्की." मी बॅगा रिकाम्या करायचे. बॅग भरण्यापेक्षा रिकामी करायला जास्त वेळ लागतो, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

लोक समजतात की स्वप्न यांचं होतं आणि मी त्यात शेजारच्या सीटवर बसले होते. तसं नव्हतं. लहानपणी रविवारच्या वर्गात आम्हाला पेरणाऱ्याची गोष्ट सांगितली. त्याचं काही बी वाटेवर पडलं, काही खडकाळ जागी, काही काट्यांत, आणि काही चांगल्या मातीत. मी उठून विचारलं की शेतकरी शहाणा असेल तर तो वाटेवर बी टाकेलच कशाला. बाईंनी मला खाली बसवलं. मी बसले, पण प्रश्न काही बसला नाही. पुढे वनस्पतिशास्त्र शिकले, बियाणं तपासण्याच्या प्रयोगशाळेत लागले, आणि मग तो प्रश्न बदलला. वाट, खडक, काटे आणि सुपीक माती, हे सगळं एका मुठीच्या फेकीत येतं म्हणजे ती जमीन कशी असेल? ती उताराचीच असणार. माती पातळ असणार, खाली खडक. सरोवराच्या काठचा तो उतार मला बघायचा होता. ढेकूळ बोटांत चुरून बघायचं होतं. माझी भक्ती असली तर तेवढीच, आणि ती तिथंच आहे असं मला अजून वाटतं.

हे मी यांना लग्नानंतर सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी यांनी कागद आणला. म्हणजे नकाशा माझ्या त्या एका बोलण्यातून निघाला. पण तो पूर्ण झाला तेव्हा त्यातल्या मुक्कामांत माझा उतार नव्हता. सरोवर होतं, काठावरचं चर्च होतं, तिथून बसने पुढचा मुक्काम. यांचं म्हणणं, तिथं बघण्यासारखं काही बांधलेलं नाही. टाचणी सगळ्यांत जास्त वेळा तिथंच परतायची, आणि मी दरवेळी म्हणायचे, जरा खाली उतरू या का? हे म्हणायचे, वेळ उरला तर बघू. नकाशावरसुद्धा कधी वेळ उरला नाही.

यांच्या आजाराची सुरुवात नळवाल्यापासून झाली. स्वयंपाकघरातला नळ गळत होता, नळवाला खाली वाकून पाना फिरवत होता, आणि हे शेजारी उभे राहून त्याला सांगत होते, "आम्ही गेलो होतो तेव्हा यार्देन नदीला पाणी अगदी कमी. गुडघाभर. आणि गढूळ." मी तांदूळ निवडत होते, मान वर केली. मला वाटलं गंमत चालली आहे. यांचा चेहरा बघितला, तर गंमत नव्हती. नळवाला म्हणाला, नशीबवान आहात साहेब. हे म्हणाले, हो, जमून आलं खरं.

यांनी 'आम्ही' म्हटलं ते व्याकरणाने बरोबरच होतं, नळवाला तिकडे आमच्याबरोबर नव्हता. तसे आम्हीही नव्हतो, पण ते वेगळं.

वन्संना सांगितलं. वन्सं म्हणजे यांची धाकटी बहीण. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली, निवृत्त झाल्यावर आमच्याकडे राहायला आल्या. आवाज अजून पलीकडच्या गावाला ऐकू जाईल असा. त्या म्हणाल्या, "दादा न जाता जाऊन आला, बरं झालं. विमानात बसायला घाबरलाच असता." मग आत जाऊन बराच वेळ नळ सोडून बसल्या, तोंड धुण्याच्या निमित्ताने.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की यांचं बोलणं खोडून काढू नका. ते खोटं बोलत नाहीत, त्यांना तसं आठवतं. इतकी वर्षं रोज जे सांगितलं तेच आठवण होऊन बसलंय. प्रवासाचं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, अनोळखी खोल्या, गर्दी, रोज नवा बिछाना, हे यांना झेपणार नाही. घरात वस्तू हरवतात, तिथं हे स्वतः हरवतील.

आणि नेमकं याच वर्षी चर्चचा गट निघाला. रस्ते उघडे, हवा चांगली, फादर स्वतः बरोबर जाणार. त्यांनी न विचारता आमच्यासाठी दोन जागा धरून ठेवल्या. गाईडशिवाय कसं जायचं, असं चर्चच्या पायरीवर सगळ्यांसमोर म्हणाले. तेव्हा त्यांना आजाराचं माहीत नव्हतं. नंतर मी सांगितलं. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, मग तुम्ही तरी? मी म्हटलं, कळवते. पुढच्या रविवारी विचारलं, तेव्हाही तेच म्हटलं.

लेकीने एकाच फोनमध्ये दोन्ही सांगितलं: बाबांना टाकून तू जाणार कशी, आणि आई, तू आता कुणासाठी थांबली आहेस. दोन्ही तिला मनापासून वाटत होतं. वन्सं एवढंच म्हणाल्या, "वहिनी, मी घरात आहे ना? का मलाही नकाशावरच धरलंय?" मी म्हटलं, बघू. त्या म्हणाल्या, "बघा. बघण्यात तुमचा हात कुणी धरणार नाही."

अडचण घर सांभाळण्याची नव्हती. यांच्याशिवाय तिथं जाणं म्हणजे यांच्या खिशातून काहीतरी काढून नेण्यासारखं वाटत होतं. यांनी प्रत्येक गल्ली काढली, आणि तिच्यातून मी एकटी चालणार. परत येऊन यांना काय सांगणार? नदीला पाणी गुडघाभर नव्हतं हे?

त्या दिवसांत मला एका जागी बसता येईना. टीव्ही लावायचे, बंद करायचे. फडकं घेऊन पुसलेलं टेबल पुसायचे. प्रयोगशाळेत मी अजून अर्धा दिवस जाते. तिथं ओल्या कागदावर बी मांडतो, ठरलेले दिवस पेटीत ठेवतो, मग निवडतो: धड उगवलेलं, वेडंवाकडं उगवलेलं, कुजलेलं. काही बी असं असतं की फुगतं, पण कोंब काढत नाही. नवीन मुली ते कुजलेल्यात टाकतात. मी सांगते, चिमट्याने दाबा. टणक लागलं तर मेलेलं नाही, त्याला वेगळं काढा. नुसतं उगवत नाहीये. एरवी हे मी शांतपणे सांगते. त्या आठवड्यात एका मुलीवर खेकसले. तिने मला पाणी आणून दिलं, त्याने जास्तच लाज वाटली.

मग एका सकाळी चहा घेताना हे मला म्हणाले, "आम्ही गेलो होतो तेव्हा पहाटे फार गारठा असायचा."

खोलीत आम्ही दोघंच होतो. मी कप खाली ठेवला. यांनी म्हणायला हवं होतं, आपण गेलो होतो. जी बरोबर आली तिला 'आपण' म्हणतात. 'आम्ही' तिला, जी नव्हती. इतका साधा फरक, पोरंही चुकत नाहीत.

वन्सं म्हणाल्या, जीभ घसरली असेल. मीही तेच धरलं आणि कान देऊन ऐकू लागले. दुपारी हे मला म्हणाले, "आपण दिवा बंद केला का?" मला केवढं हायसं वाटलं. संध्याकाळी पुन्हा, "आम्ही गेलो होतो ना," आणि पुढं तटबंदीचं काहीतरी. घरातल्या गोष्टींत मी होते, तिकडच्या गोष्टींत नव्हते. मग यात्रेला यांच्याबरोबर कोण गेलं होतं? मला या वयात, न झालेल्या प्रवासातल्या बाईचा हेवा वाटू लागला. हे कुणाला सांगणार?

शनिवारी मी माळ्यावरची मोठी बॅग काढली. ठरलं म्हणून नाही. झुरळं झालीत का बघावं, असं स्वतःला सांगितलं. बॅग पुसून पलंगावर उघडी ठेवली आणि फडकं धुवायला गेले. परत येते तो हे बॅग भरत होते. इस्त्री, गजराचं घड्याळ, दोन उशा, वन्संचा चष्मा. फार नीट, काटकोनात मांडलेलं सगळं. मला बघून थांबले आणि विचारलं, "कोण चाललंय?"

"कुणी नाही," मी म्हटलं.

हे जरा हिरमुसले. मग मला म्हणाले, "तुम्ही बसा ना. उभ्या का?"

सबंध संसारात यांनी मला 'तुम्ही' म्हटलेलं नाही. रागातही 'अगं'च. ते इतक्या अदबीने बोलले, पाहुणीला बोलतात तसं, की मी खरंच बसले. पलंगाच्या कडेला, बॅगेशेजारी. यांनी बॅगेतली एक उशी काढून माझ्या पाठीशी दिली.

वन्सं रविवार सकाळपर्यंत चष्मा शोधत होत्या. बॅगेत सापडला तेव्हा म्हणाल्या, "दादा मला नेणार नाही, पण माझ्या डोळ्यांना नेणार होता."

रविवारी दुपारी फादर घरी आले. चहा टाकला. त्यांनी हळूच सांगितलं की प्रवास कंपनीला उद्या नावं कळवायची आहेत, मागे दुसरी माणसं थांबली आहेत. मी साखर आणायला उठले. साखर टेबलावरच होती. मग पंखा कमी केला, खिडकी लावली, पुन्हा उघडली. फादर वाट बघत होते, पण बघत नाहीत असं दाखवत होते.

"बाई, तुम्ही सारख्या उठताय," हे मला म्हणाले. "बसा. आता मी दाखवतो." आणि फूटपट्टी घेऊन नकाशापाशी गेले. जमिनीवर पडलेली टाचणी यांना दिसली, ती उचलून सरोवराच्या काठी खोचली. ती कशीबशी राहिली.

यांनी सुरुवात केली. आम्ही गेलो होतो तेव्हा गर्दी फार नव्हती, असं. तटबंदी, चढ, गुळगुळीत पायऱ्या. फादरांना हे सगळं पाठ होतं, तरी ते मान डोलवत होते. हे बोलताना किती सुंदर दिसतात हे मी विसरले होते. खांदे सरळ होतात, हात थरथरत नाही. खोडून काढू नका असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. विचारू नका असं म्हणाल्या नव्हत्या.

"आम्ही म्हणजे कोण कोण?" मी विचारलं.

"मी आणि माझी बायको," हे म्हणाले. एवढंही कळत नाही, असा यांचा चेहरा.

दारात वन्सं कपबशी घेऊन उभ्या राहिल्या. म्हणजे ती बाई मीच होते. आणि मी ती नव्हते.

"त्यांना आवडलं का तिकडे?"

यांनी फूटपट्टी टेबलावर ठेवली.

"तिला..." हे म्हणाले, "ती सामानापाशी होती."

"कुठं?"

"सगळीकडेच. कुणीतरी थांबावं लागतं ना. आत बॅगा नेऊ देत नाहीत. ती थांबायची. तक्रार करत नाही ती, शांत आहे."

फादरांनी कपात बघितलं. मला हसू यायला लागलं होतं, आणि ते हसू नव्हतं. जे घडलंच नाही त्यात तरी मला आत जाता यायला काय हरकत होती? तिथं विमानाचं भाडं नव्हतं, सासूबाईंचं आजारपण नव्हतं, रस्ते बंद नव्हते. तरी मी बाहेर, बॅगांवर हात ठेवून.

"सरोवरापाशीसुद्धा?" मी विचारलं.

"तिथंही." हे नकाशाकडे वळले. टाचणी पुन्हा पडली होती. यांनी बोट त्या भोकावर ठेवलं आणि तसंच ठेवलं. "तिथं तिला खाली उतरायचं होतं. काहीतरी माती बघायची होती तिला. शिकलेली आहे ना, बियांचं काम करते. मी म्हटलं, वेळ उरला तर." मग हळू आवाजात म्हणाले, "राहिलं ते."

वन्संनी कपबशी टेबलावर ठेवली.

हे परत खुर्चीत बसले, थकल्यासारखे. मग पाहुणीची विचारपूस राहून गेली असं वाटून माझ्याकडे वळले. "तुम्ही गेला आहात का कधी?"

"नाही," मी म्हटलं.

"मग जाऊन या. बघण्यासारखं आहे." जरा पुढं वाकले, आतली गोष्ट सांगावी तसे. "पण सामान कमी न्या, बाई. सामान फार झालं की कुणाला तरी त्याच्यापाशी बसावं लागतं."

फादर उठले. म्हणाले, आज राहू दे, आपण नंतर बोलू, मी त्या लोकांना अजून एक दिवस थांबवतो. ते टोपी घेत होते. हे त्यांच्याकडे बघून हसत होते, यजमान हसतो तसं. मी वाकून टाचणी उचलली. ती भोकात खोचली नाही. त्याच्या बाजूला, बोटभर अंतरावर, जिथं यांनी नुसत्या बारीक रेघांनी उतार दाखवला होता आणि कागद अजून पांढरा होता, तिथं खोचली. ती घट्ट बसली.

"फादर, थांबा," मी म्हणाले. "दोन जागा नकोत. एकच धरा. मी जाणार आहे."